मशीनची आंघोळ

भोकरदनच्या बसस्टँडजवळच्या एटीएममध्ये गंगाधर ढवळे आत असले, तर बाहेरच्या माणसाने सरळ घरी जाऊन जेवून यावे. पैसे काढायला त्यांना वेळ लागत नाही. वेळ लागतो तो नंतर. नोटा खिशात गेल्या की ते लाल बटण दाबतात. मग पुन्हा दाबतात. पडद्यावर 'आपले स्वागत आहे' येईपर्यंत हात मागे बांधून उभे राहतात. स्वागत आले की आणखी एकदा दाबतात, कारण ते स्वागत आपलेच शिल्लक राहिलेले की पुढच्या माणसाचे, याची त्यांना खात्री नसते. मग खाली वाकून लोकांनी टाकलेल्या पावत्या गोळा करतात, बारीक फाडतात आणि तुकडे खिशात घालून बाहेर येतात.

रांगेतला एखादा चिडतो. "काय हो, मशीन धुऊन काढली का काय?"

"तुमच्यासाठीच कोरी केली," गंगाधरराव म्हणतात. "जा आत."

गावाने त्यांचे नाव 'कोरे' पाडले ते यावरूनच. ते इतके रुजले, की लग्नाच्या पत्रिका 'श्री. कोरे, सहकुटुंब' अशा येतात. त्यातले कोरेही खरे नाही आणि सहकुटुंबही. पण गंगाधरराव दोन्हीला हरकत घेत नाहीत.

किराणा दुकानात हिशेब झाला की ते स्वतः हात घालून कॅल्क्युलेटरवर शून्य आणतात. कोणी कौतुकाने आपला मोबाइल नातवाचे फोटो बघायला दिला, तर फोटो बघून झाल्यावर उघडे असलेले सगळे बंद करून, पडदा काळा करून, रुमालाने पुसून परत देतात. हॉटेलात पेपर वाचला की मूळच्या घडीवर घडी घालून ठेवतात. आमच्या घरी एकदा जेवायला आले होते. जाताना खुर्ची होती तिथे, पाट होता तिथे, तांब्या होता तिथे. आमची मंडळी म्हणाली, "हा माणूस येऊन गेला की आला होता का नाही, तेच कळत नाही."

आता हे सगळे मी का लिहितो आहे? गावात गंगाधररावांबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. दोन्ही खोट्या आहेत. आणि त्या खोट्या आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो तेव्हा गावाने मला सार्वजनिक वाचनालयाचा मानद कार्यवाह केले. काम एवढेच, की अध्यक्ष जे ठरवतील ते ठरावाच्या भाषेत लिहायचे. अध्यक्ष आबासाहेब. बी-बियाणे आणि खतांचे व्यापारी. वाचनालयाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे इतकी वर्षे आहे, की त्यांनी शेवटचे पुस्तक कधी नेले होते हे रजिस्टरलाही आठवत नाही.

कुठल्याशा निधीतून वाचनालयाला चार कॉम्प्युटर मिळाले. उद्घाटन झाले, नारळ फुटला, आणि दोन महिन्यांत त्या मशीन ओळखू येईनाशा झाल्या. एकीवर एका पक्षाच्या नेत्याचा फोटो, दुसरीवर दुसऱ्याचा, तिसरीवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. कागदपत्रांच्या जागी 'नवीन', 'नवीन नवीन', 'नवीन फायनल', 'बायोडाटा मुलगा गोरा', 'बायोडाटा मुलगा गोरा दुरुस्त' अशा नावांचा बाजार. चौथी मशीन चालू केली की आपोआप पत्ते खेळायचे आमंत्रण द्यायची. जिल्ह्याचे एक मोठे पाहुणे आले असताना तिने ते पाहुण्यांनाच दिले. आबासाहेबांचा चेहरा पडला आणि त्यांनी जालन्याहून माणूस बोलावला.

तो माणूस म्हणजे गंगाधरराव. स्कूटरवरून आले, चारही मशीन उघडून बघितल्या आणि मला म्हणाले, "गुरुजी, ही मशीन न्हाई राह्यली. ही धर्मशाळा झाली. जो येतो तो भिंतीवर नाव लिहून जातो."

"मग उपाय?"

"आंघोळ."

मला वाटले, हा मशीनवर पाणी ओततो की काय. त्यांनी समजावून सांगितले. "आज मी हिला बिलकुल साफ करतो, दुकानातून आल्ती तशी. मंग एक सॉफ्टवेअर टाकतो आन् तिला सांगून ठेवतो, की बाई, अशीच राहा. दिवसभर कुणी काय बी करू द्या. फोटो लावा, गाणी भरा, पत्ते खेळा. बंद करून चालू केली, की आपोआप परत अशीच."

"म्हणजे सगळे पुसले जाते?"

"पुसावं लागतच न्हाई. ती मनात धरतच न्हाई. आपल्यासारखी थोडीच हाये?"

एका दिवसाच्या कामाला आलेला माणूस राहिला तो राहिलाच. जालन्यात त्यांचे इंटरनेटचे दुकान होते, ते बंद झाले होते. इथे किरकोळ मानधनावर ते कॉम्प्युटर खोली सांभाळू लागले. सकाळी खोली उघडली की चारही मशीन चालू करून, उदबत्ती लावून, मगच मुलांना आत घेत. कोणी घाई केली तर म्हणत, "थांब. पारोशी मशीन मी कुणाला देत न्हाई." एका माणसाचे काम झाले आणि दुसरा बसायला आला, तरी मध्ये आंघोळ. संध्याकाळी बंद व्हायच्या आधी एसटीच्या कंडक्टरसारखी आरोळी: "चला, आपापलं सामान बघून घ्या! पेनड्राइव्ह, मेल, बायोडाटा! नंतर मशीनकडं मागायचं न्हाई!"

तरी लोक विसरत. भरतीचा अर्ज अर्धा भरून एखादा पोरगा चहाला जाई, परत येऊन बघतो तो मशीन नुकतीच न्हाऊन बसलेली. मग आरडाओरडा. गंगाधरराव त्याला चार शब्द ऐकवत, आणि ऐकवता ऐकवता शेजारी बसून पहिल्या अक्षरापासून अर्ज पुन्हा भरायला लागत. पण एक नियम. तो पासवर्ड टाकत असला की हे छताकडे बघायचे. पत्ता लिहीत असला की खिडकीकडे. त्यामुळे अर्जात चुका राहत, ते सोडा.

खरी पंचाईत झाली ती आबासाहेबांची. चारही मशीनवर आपला फोटो असावा, असे त्यांना वाटले. कोणीतरी तो लावून दिला. फेटा घातलेले, हात जोडलेले आबासाहेब. दुसऱ्या दिवशी मशीनवर निळे आकाश. पुन्हा लावला. पुन्हा आकाश. आबासाहेबांनी यात विरोधी पॅनेलचा हात ओळखला आणि आपला एक माणूस खोलीत पहाऱ्याला बसवला. त्याने दिवसभर फोटोवरून नजर हलवली नाही. पण दुपारी लाइट गेली, आणि लाइट आली तेव्हा आबासाहेब नव्हते. असे रोज व्हायला लागले. आमच्याकडे लाइट काही कमी जात नाही. "लाइट गेली, आबासाहेब गेले," असे पोरे मोठ्याने ओरडत. एकदा ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेले आणि दोन बायका दुःख व्यक्त करायला आबासाहेबांच्या घरी पोचल्या.

आबासाहेबांनी गंगाधररावांना बोलावले. "कोरे, माझ्यापुरती सवलत द्या."

"मशीनला अध्यक्ष कळत न्हाईत, आबासाहेब."

"मंग कळवा तिला!"

"कळवलं तर ती कळवून घेती. दुपारी विसरती."

या प्रकरणात हसलो आम्ही सगळेच. पुढच्या प्रकरणात मी हसलो नाही.

वाचनालयात बायकांसाठी एक वेगळी खोली आहे. तिथे हळूहळू आबासाहेबांची खताची पोती यायला लागली. आधी कोपऱ्यात, मग भिंतीला, मग खिडकीपर्यंत. बाया नाकाला पदर लावून मासिके चाळत, मग येईनाशा झाल्या. मी कार्यवाह. समितीत बोलायला हवे होते. मी बोललो नाही. त्याऐवजी एका दुपारी मी कॉम्प्युटरवर बसलो, दोन बोटांनी जालन्याच्या ग्रंथालय खात्याच्या साहेबांना तक्रार अर्ज टाइप केला आणि खाली लिहिले, 'एक निर्भय वाचक'. नाव घातले नाही. तिथेच छापून टपालात टाकला. वर्षानुवर्षे नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस मी.

अर्ज लागू पडला. तपासणीला माणूस आला, पोती बाहेर निघाली, आबासाहेबांना चारचौघांत खाली बघावे लागले. चौकशीला आलेल्या माणसाने अर्जाची प्रत दाखवली होती. तिच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती. आमचा प्रिंटर प्रत्येक कागदावर ती रेघ ओढतो. आबासाहेब पुस्तक वाचत नसतील, पण रेघ त्यांना बरोबर वाचता आली.

समितीची तातडीची बैठक झाली. गंगाधररावांना उभे केले.

"अर्ज आपल्याच मशीनवर झालाय," आबासाहेब म्हणाले. "काढा कुणी केला ते."

"आंघोळ झाली, आबासाहेब."

"मंग तुम्ही सांगा. तुम्ही तिथंच बसून राह्यता ना दिवसभर?"

"मी पडद्याकडं बघत न्हाई."

"मंग कशाकडं बघता? छताकडं?"

"जास्त करून."

कोणीतरी फिसकन हसले. आबासाहेब हसले नाहीत. "आजपासून आंघोळ बंद. कोण आलं, काय बघितलं, काय लिहिलं, सगळं मशीनमधी राह्यलं पाहिजे. जमत असंल तर राहा. न्हाई तर किल्ली ठेवा."

मी समोर बसलो होतो. बैठकीचे इतिवृत्त लिहीत होतो. माझी मान इतकी खाली होती, की पेनाचे टोक नाकाला लागत होते. गंगाधररावांनी एकदाही माझ्याकडे बघितले नाही. खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, ज्या खुर्चीवरून उठले ती आत सरकवली, आणि गेले. मी लिहिले, 'श्री. ढवळे यांनी प्रकृतीच्या कारणास्तव कार्यमुक्त होण्याची इच्छा व्यक्त केली.' ठराव सर्वानुमते मंजूर.

मग गावाने त्या दोन गोष्टी पसरवल्या. एक, अर्ज कोऱ्यांनीच केला. दोन, ते स्वतः मशीनवर नको ते बघत असत, म्हणून रोज पुसायचे. ज्याला पहिली पटत नव्हती तो दुसरी सांगे. काही जण दोन्ही सांगत.

आबासाहेबांनी एक तरुण आणला. त्याने आंघोळ बंद केली. निळे आकाश गेले, आबासाहेब आले आणि लाइट जाऊन आली तरी टिकले. फार समाधान झाले त्यांना. एवढे, की ते स्वतः संध्याकाळी मशीनवर येऊन बसू लागले. मशीन आता सगळे मनात धरत होती. एका मुलीने काही शोधायला नुसते 'के' टाइप केले, तर मशीननेच पुढे सुचवले: 'केस गळती साठीनंतर'. 'भ' टाइप केला, तर 'भाषण करताना पाय का थरथरतात'. 'म' टाइप केला, तर 'मंत्र्याशी ओळख नसताना फोटो कसा काढावा'. दोन दिवसांत कॉम्प्युटर खोलीत एवढी गर्दी झाली, की वाचनालयाच्या इतिहासात झाली नव्हती. लोक येत, एक अक्षर टाइप करत, बघत, आणि उठून दुसऱ्याला जागा देत.

पुन्हा तातडीची बैठक. "आंघोळ चालू करा," आबासाहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

तरुण म्हणाला, "ते सॉफ्टवेअर पासवर्ड मागून राह्यलंय. मी तेव्हा नुसतं बंद पाडलं होतं. पासवर्ड कोरेकाकांकडं हाये."

"गुरुजी," आबासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं त्यांचं बरं होतं. तुम्ही जा."

म्हणजे मी माझ्या मनाने गेलो नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. समितीने पाठवले म्हणून गेलो.

जालना रोडला, गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचे घर. गंगाधरराव दारातच दिसले, स्कूटर पुसत होते. "या गुरुजी. पासवर्ड ना?" म्हणाले. बसायच्या आधीच एका कागदावर लिहून दिला. चहा ठेवला. मी कप हातात घेतला आणि गरम चहाबरोबर ते तोंडातून निघूनच गेले. "गंगाधरराव, तो अर्ज मी केला होता."

"माहीत हाये मला."

"कसे?"

"तुम्ही कागद छापला, खिशात घातला, आन् गडबडीत निघून गेलात. अर्ज तसाच उघडा पडद्यावर. आबासाहेब जिना चढून राह्यले होते. मी मेन स्विच खाली ओढला. चारही मशीन बंद. पोरं लय बोंबलली."

मला तो दिवस आठवला. मी जिन्यात होतो. वर अंधार झाला तेव्हा, लाइट गेली, असेच मला वाटले होते. आबासाहेबांना मी वाटेत नमस्कारही केला होता.

"वाचलात तुम्ही अर्ज?"

"न्हाई. वरचं 'प्रति' दिसलं आन् जिन्यात तुमची घाई दिसली. बास झालं तेवढं."

"मग बैठकीत का नाही सांगितले? तुमचे नाव खराब झाले, काम गेले."

त्यांनी स्वतःच्या कपात चहा ओतला. मग म्हणाले, "जालन्याला दुकान होतं माझं, माहीत हाये ना. माझी पोरगी कॉलेज झालं की तिथं बसायची. एका दिवशी मेल उघडा ठेवून गेली. मैत्रिणीला लिहिला होता. मी वाचला."

अशा गोष्टीत काय असते ते आपण धरूनच चालतो.

"तसलं काही नव्हतं," ते म्हणाले. "पुण्याला शिकायला नंबर लागला होता तिचा. मैत्रिणीला विचारलं होतं, घरी कसं सांगू. लिहिलं होतं, बाबांची भीती वाटते. एवढंच. आई नव्हती तिला, मीच सगळं केलं होतं. वेणी घालायला सुदिक मी शिकलो होतो. मंग मला लागलं ना ते. ती परत आली तर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, तुला माझी भीती वाटते? कामून वाटते? इतक्या जोरात विचारलं गुरुजी, की गिऱ्हाइकं पैसे न देता पळाली."

हसू यावे अशी ती गोष्ट होती. तेही थोडे हसले.

"गेली पुण्याला. मी अडवलं न्हाई. आता तिकडंच हाये. नोकरी, घर, लेकरू. बोलत न्हाई असं न्हाई. सणाला फोन करती. तब्येत कशी, पाऊस हाये का. पण जपून बोलती. उघडं काहीच ठेवत न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "तिचा पासवर्ड मला अजून पाठ हाये. माझ्या शेजारीच बसून टाकायची."

"बदलला असेल तिने."

"असंल. मी टाकून बघितला न्हाई कधी. वाटतं कधी कधी. आतमधी माझ्याबद्दल काही बरं बी लिहिलं असंल. पण न्हाई बघितलं."

मी पासवर्डचा कागद घेऊन वाचनालयात आलो. तिथे नवाच घोटाळा. पासवर्ड होता, पण तो कुठे टाकायचा हे त्या तरुणाला माहीत नव्हते. त्याने तीन ठिकाणी टाकून बघितला. चौथ्या ठिकाणी टाकायला घेतला, तर पहिल्याच 'म' वरून मशीनने पुन्हा मंत्र्यांचे सुचवले. शेवटी आबासाहेबांनी कपाळाला हात लावून माणूस पाठवला आणि गंगाधरराव परत आले. तेव्हापासून ते खोलीत आहेत. समितीने त्यांना परत घेतले, पण का काढले होते, हे कोणी बोलले नाही. मीही ठरावात 'प्रकृती सुधारल्याने' असे लिहिले. गावातल्या त्या दोन गोष्टी मात्र अजून चालूच आहेत.

तर आता वाचकांच्या साक्षीने: अर्ज मी केला. गंगाधर ढवळे यांनी कधी नको ते बघितले नाही. ते तर हवे तेही बघत नाहीत. आबासाहेबांना हे वाचून कळेल. त्यांना माझा नमस्कार, आणि बायकांच्या खोलीत पुन्हा दोन पोती आली आहेत, हेही त्यांच्या कानावर घालतो.

दिवाळी अंकासाठी हे सगळे लिहून झाल्यावर मी ते कॉम्प्युटर खोलीत गंगाधररावांकडे घेऊन गेलो. त्यांच्या घरचे लिहिले आहे, त्यांची परवानगी हवी. मी कागद पुढे केले. त्यांनी हात मागे घेतले.

"दुसऱ्यानं लिहिलेलं मी वाचत न्हाई, गुरुजी."

"अहो, तुमच्याबद्दलच आहे."

"म्हणूनच."

"मुलीचेही लिहिले आहे. नको असेल तर काढून टाकतो."

ते छताकडे बघत राहिले. शेजारी मुले मोठमोठ्याने वाचत अर्ज भरत होती, प्रिंटर रेघा ओढत होता. मग त्यांनी हळूच विचारले, "पुण्याला मिळतो का हो हा अंक?"

मिळतो की नाही, मला खरोखर माहीत नव्हते.

"मिळतो," मी म्हणालो.

"मंग राहू द्या," गंगाधरराव म्हणाले. "काही पुसू नका."